कवींचे आपसांतील बोलणे : 'रविकिरण' ते 'गोलपिठा'

पुण्यात १९२३ साली काही कवी दर रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमू लागले आणि त्यातून रविकिरण मंडळ आकाराला आले, ही माहिती आपल्या प्रत्येक वाङ्मयेतिहासात मिळते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे, दिवाकर ही नावावळही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. मंडळाने प्रणयपर भावकविता रूढ केली, सुनीत आणि खंडकाव्य लोकप्रिय केले, कविता गाऊन दाखवण्याची प्रथा पाडली, असे त्याच्या कार्याचे मोजमापही ठरून गेले आहे. परंतु त्या चहाच्या वेळी ही मंडळी एकमेकांशी काय बोलत असतील, ते बोलणे कवितेच्या दृष्टीने कोणत्या प्रतीचे होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मंडळे, संप्रदाय, चळवळी यांचा इतिहास आपण जाहीरनाम्यांच्या आणि प्रकाशित ग्रंथांच्या आधारे लिहितो. ज्या बैठकीत ही मंडळे प्रत्यक्षात नांदत होती तिच्याकडे एक रंजक आठवण म्हणून पाहतो आणि पुढे जातो. ही उपेक्षा मला महागात पडणारी वाटते. कारण कलावंतांचा समूह समूह म्हणून जे काही करतो ते प्रामुख्याने बोलणेच असते. लिहितो तो ज्याचा त्याने.

या उपेक्षेला एक सबळ कारण अर्थातच आहे. बोलण्याचा माग राहत नाही. मराठी गद्याचा आरंभच नोंदवून ठेवलेल्या बोलण्यातून झाला, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट काहीशी विपरीत वाटते. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या, आणि 'लीळाचरित्रा'च्या पुढील परंपरेने एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या स्मरणांना 'वासना' असे नाव देऊन तीही जपली. कोणाचे स्मरण वेगळे पडते हे नोंदवण्याची ही दक्षता आधुनिक कविमंडळांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्याविषयी ज्या आठवणी लिहिल्या गेल्या त्या बहुधा कोट्यांच्या, रुसव्यांच्या आणि स्नेहाच्या आहेत. एखाद्या कवितेचे तिसरे कडवे का गाळले गेले, हे त्यात क्वचितच सापडते.

युर्गेन हाबरमास यांचा लोकव्यवहाराच्या क्षेत्राविषयीचा ग्रंथ १९६२ चा. १९८९ मध्ये तो इंग्रजीत आला आणि आपल्याकडेही कॉफीगृहे, नियतकालिके, मंडळे यांच्याकडे पाहण्याची नवी दृष्टी अनेकांना मिळाली. समान दर्जाच्या व्यक्तींनी युक्तिवादाच्या बळावर केलेली चर्चा हा त्या विवेचनाचा गाभा आहे. तो कलावंतांच्या बैठकीला जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे समोर एखादे सार्वजनिक प्रकरण नसते, एक अपुरी कृती असते. ती करणारा समोरच बसलेला असतो, आणि बहुधा तो मित्र असतो. चांगल्या युक्तिवादाने तेथे काही सिद्ध होत नाही. फार तर एक ओळ बदलते. तेव्हा अशा बोलण्याचा कस ठरवायचा तर, त्यानंतर कृतीत काही बदलण्याची शक्यता निर्माण झाली का, या एकाच कसोटीवर तो ठरवावा लागेल. आणि बोलणे उपलब्ध नसले तरी या शक्यतेच्या खुणा अन्यत्र, म्हणजे संहितांत, परिभाषेत, पत्रांत, विडंबनांत शोधता येतात.

रविकिरण मंडळाच्या बाबतीत अशी पहिली खूण म्हणजे माधव जूलियनांची 'छंदोरचना'. तिची पहिली आवृत्ती १९२७ ची, म्हणजे मंडळाच्या ऐन भराच्या काळातील. सुधारून वाढवलेली आवृत्ती १९३७ ची. पुढे याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली. हा ग्रंथ एका व्यासंगी माणसाने एकट्याने केला आहे याविषयी वाद नाही. परंतु वृत्त, जाति आणि छंद असा पद्यरचनेचा भेद स्पष्ट करणे, जातिरचनेत मात्रांचे आवर्तन कोठे पुरे होते हे कानाने ठरवणे, सहा मात्रांच्या आवर्तनाला भृंगावर्तनी आणि आठांच्या आवर्तनाला पद्मावर्तनी अशी नावे देणे, ही केवळ शास्त्रकाराची गरज नव्हे. ज्याला दुसऱ्याच्या ओळीविषयी बोलायचे आहे आणि 'इथे काहीतरी अडखळते' याच्यापलीकडे जायचे आहे, त्याची ही गरज आहे. यशवंत, गिरीश आणि स्वतः जूलियन यांच्या त्या दशकातील कवितेत जातिरचनेची जी विविधता आणि जी सफाई दिसते ती पाहता, चहाच्या त्या बैठकींत पद्याच्या घडणीविषयी नेमके, तपशिलाचे आणि परस्परांना उपयोगी पडणारे बोलणे होत असले पाहिजे, असा निष्कर्ष काढणे मला भाग पडते. हे अनुमान आहे. पण मंडळाला 'परस्परस्तुतीचा संघ' ठरवणारे मतही अनुमानच आहे, आणि त्याला आधार कमी आहे.

तथापि जे बोलणे छंदाविषयी इतके सूक्ष्म होते ते अनुभवाविषयीही तसेच होते काय? येथे खुणा उलट दिशेच्या मिळतात. गिरीशांचे 'अभागी कमल' १९२३ चे, जूलियनांचे 'विरहतरंग' १९२६ चे, गिरीशांचेच 'आंबराई' १९२८ चे, यशवंतांची 'जयमंगला' १९३१ ची. या काव्यांत विषय निरनिराळे आहेत, कवींचे पिंडही भिन्न आहेत. तरीही दुःखाकडे पाहण्याची एक समान हळवी रीत त्यांत पसरलेली आहे, आणि ती कोणी कोणाला खटकवून दाखवल्याचे चिन्ह दिसत नाही. जूलियनांमधील बंडखोर, 'सुधारक'सारखे उपरोधाचे काव्य १९२८ मध्ये लिहिणारा कवी, आपल्या मित्रांच्या कारुण्याला कधी प्रश्न विचारीत असेल काय? काव्यावरून तरी तसे वाटत नाही. ओळ कोठे अडखळते हे मित्राला सांगता येते. त्याचे दुःख कोठे खोटे वाजते हे सांगणे अवघड जाते. स्नेहाची ही मर्यादा रविकिरण मंडळापुरती नाही, पण तेथे ती ठसठशीत दिसते.

या मर्यादेला गायनाने आणखी बळकटी दिली असे मला वाटते. रविवारच्या बैठकीतली कविता जाहीर कार्यक्रमात गेली, आणि यशवंत, गिरीश, जूलियन यांच्या काव्यगायनाला श्रोते गर्दी करू लागले. कवितेला वाचकवर्ग मिळवून देण्याचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मराठीत कवितेला असा लोकाश्रय त्यानंतर क्वचितच लाभला. परंतु गायली जाणारी कविता ही पुरी झालेली कविता असते. तिला 'वाहवा' म्हणता येते, 'वन्स मोअर' म्हणता येते, आणि नापसंतीही कळवता येते. चौथ्या ओळीतील विशेषण अनावश्यक आहे, हे सांगण्याची सोय मात्र त्या व्यवहारात नाही. सभेतला प्रतिसाद बैठकीतही शिरला, आणि मंडळ जसजसे नावारूपाला आले तसतसे त्याचे बोलणे उथळ झाले, असा हा क्रम असावा. माडखोलकरांसारखा, 'आधुनिक कविपंचक' लिहिलेला समीक्षक सभासद लवकरच नागपूरला पत्रकारितेत गेला, हीही गोष्ट त्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

मंडळाच्या आरंभीच्या सभासदांत दिवाकर होते याचे अनेकांना नवल वाटते. नाट्यछटाकाराचे कविमंडळात काय काम? वास्तविक त्या साऱ्यांत बोलण्याविषयी सर्वांत अधिक जाणणारा लेखक तोच होता. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो आणि दुसऱ्याचे बोलणे आपण त्याच्या उत्तरावरून ओळखतो. बोलणारा आपल्याच शब्दांत उघडा पडत जातो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. माणसाचे बोलणे आणि त्याचा हेतू यांतील फट दिवाकरांना जितकी दिसली तितकी त्या पिढीत क्वचित कोणाला दिसली असेल. ही दृष्टी मंडळाच्या कवितेत उतरली नाही. मनोरमाबाईंविषयीही असेच म्हणावे लागते. इतक्या पुरुषांत एकच स्त्री, तीही एका सभासदाची पत्नी, आणि १९२६ मध्ये तिचा मृत्यू. त्या बैठकीत स्त्रीच्या विरहाविषयी, स्त्रीच्या त्यागाविषयी ज्या कविता वाचल्या जात, त्यांवर त्या काय म्हणत असतील? मंडळाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे न नोंदवलेले बोलणे कदाचित हेच असेल.

जे आतून बोलले गेले नाही ते बाहेरून बोलले गेले. 'केशवकुमार' या नावाने अत्र्यांनी केलेल्या विडंबनांचा संग्रह, 'झेंडूची फुले', १९२५ मध्ये आला. मंडळ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. या पुस्तकाकडे आपण विनोदी वाङ्मय म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कवींच्या आपसांतील बोलण्याच्या इतिहासात त्याचे स्थान निराळे आहे. चांगले विडंबन हे अत्यंत बारकाईच्या वाचनाचे फलित असते. कवीची संबोधनांची सवय, त्याचा आवडता नाद, भावना ओथंबू लागली की येणारा ठराविक शब्द, हे सगळे विडंबनकाराला हेरावे लागते आणि मूळ कवीच्याच छंदात, त्याच्याइतक्याच सफाईने करून दाखवावे लागते. तत्कालीन कवितेच्या हळवेपणावरचा आक्षेप अत्र्यांनी ज्या नेमकेपणाने नोंदवला त्या नेमकेपणाने तो मंडळातील कोणी नोंदवल्याचे दिसत नाही. मात्र या बोलण्यालाही एक उणीव होती. त्याला उत्तर देता येत नव्हते. विडंबनाला उत्तर देणारा कवी आपोआपच अधिक हास्यास्पद ठरतो.

पुढे माधव जूलियनांनी आपली भाषा बदलली, हे खरे. ज्यांनी फारशी-मराठी कोश केला आणि जे गझल मराठीत घेऊन आले तेच भाषाशुद्धीचे आग्रही पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. पण हा बदल कवींच्या बैठकीतून आला नाही. तो वैचारिक चळवळीतून आला, आणि त्यांच्या कवितेला तो मानवला असे मला वाटत नाही.

यानंतर मराठीत कवी-लेखकांच्या बोलण्याचे ठिकाण बदलले. स्वातंत्र्योत्तर काळात ते गिरगावातील खटाववाडीत, 'मौज' आणि 'सत्यकथे'च्या कार्यालयात आले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची संपादनपद्धती आता सर्वश्रुत आहे. कथा परत येई, सोबत पत्र असे. पत्रात कथेचा रूपबंध, तिचा शेवट, एखाद्या पात्राचे प्रयोजन यांविषयी सूचना असत. लेखक पुन्हा लिहून पाठवी. रविकिरण मंडळात जे घडू शकले नाही ते येथे घडले, कारण बोलणारे मित्र म्हणून समोरासमोर बसलेले नव्हते. पत्रातील अंतर हेच येथे उपकारक ठरले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत, साहित्यिकांच्या मेळाव्यांपासून दूर राहत, आणि तरीही त्यांच्या पिढीतील फार थोड्या लेखकांनी वाङ्मयाविषयी इतके गंभीर, इतके दीर्घ आणि इतके खेळकर बोलणे केले असेल. ते सगळे पत्रांतून केले. त्यांच्या निवडक पत्रांचे प्रकाशित खंड वाचताना कलावंतांच्या सहवासाविषयीच्या आपल्या कल्पना तपासून पाहाव्या लागतात. एकाच खोलीत बसणे ही चांगल्या बोलण्याची अट नाही.

'सत्यकथे'तील या संवादाची विषमता मात्र नजरेआड करता येत नाही. सूचना एका बाजूने येत, प्रसिद्धीचा निर्णयही त्याच बाजूला असे. संपादकांची रुची कितीही उदार असली तरी कलाकृतीच्या सेंद्रिय एकात्मतेची, लयतत्त्वाची जी कल्पना मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराभोवती घडली तिच्या चौकटीत ती काम करीत होती. या चौकटीत न बसणाऱ्या लेखनाला सुधारणेची सूचना मिळणे म्हणजे निराळे होण्याची सूचना मिळणे होते. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी समकालीन मराठी वाङ्मयावर 'क्ष' किरण टाकला (रविकिरणांनंतर चाळीस वर्षांनी!) आणि १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. संवादाचा मार्ग बंद आहे असे ज्यांना वाटले त्यांनी तो बंद असल्याची जाहीर नोंद केली, असा या घटनेचा अर्थ मी लावतो.

अनियतकालिकांच्या काळातील बोलण्याविषयी बरेच लिहिले गेले आहे आणि त्यात दंतकथांचा भाग मोठा आहे. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, रमेश समर्थ, अरुण कोलटकर यांनी चक्रमुद्रित स्वरूपात काढलेला 'शब्द', नंतरचे 'असो', 'वाचा' इत्यादी अंक पाहिले म्हणजे कवीने कवीसाठी छापण्याची निकड जाणवते. संपादकाचे पत्र येथे नाहीसे झाले. पण त्याच्या जागी काय आले? अंतर्गत कौतुक पुष्कळ आले, आणि बाहेरच्यांना शिव्याही पुष्कळ आल्या. शिवीने बोलणे 'वन्स मोअर'इतकेच तत्काळ संपते, ही गोष्ट या पिढीच्या चाहत्यांना (त्यांत मीही आहे) मान्य करायला जड जाते. काळा घोड्याजवळच्या 'वेसाइड इन'मध्ये कोलटकरांची दर गुरुवारची बैठक अनेक वर्षे चालली. तेथे ते काय बोलत याच्या कथा आहेत. खिडकीतून त्यांनी जे पाहिले ते मात्र २००४ मध्ये 'काळा घोडा पोएम्स'मध्ये इंग्रजीत आले, आणि त्यात बैठकीपेक्षा बाहेरचा रस्ताच अधिक बोलतो.

याच सुमारास तेव्हाच्या औरंगाबादेत एक निराळी रचना उभी राहत होती. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि त्याच्या जोडीने लेखक-वाचक मेळावे घेतले. हे नावच पाहण्यासारखे आहे. कवींच्या बैठकीत आजवर वाचकाला श्रोता म्हणून स्थान होते. येथे तो सहभागी म्हणून निमंत्रित आहे. दलित लेखकांपुढे प्रश्न केवळ रूपबंधाचा नव्हता. जो अनुभव आतापर्यंत मराठी वाङ्मयात आलाच नव्हता तो खरा उतरला आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा होता. आणि त्याचे उत्तर संपादकाच्या टेबलावर मिळण्यासारखे नव्हते. या मेळाव्यांतील चर्चांचा वाङ्मयेतिहास स्वतंत्रपणे लिहिला जायला हवा.

मराठी कवितेच्या संदर्भात कृतीविषयीच्या बोलण्याचा जो छापील दस्तऐवज मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र कोणत्याही मंडळाचा नाही. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. कवी तेव्हा तेवीस वर्षांचा. प्रस्तावनाकार त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठा, 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा नाटककार, पांढरपेशा मराठीचा एक निष्णात जाणकार. प्रस्तावनाकाराने नवकवीचा परिचय करून द्यावा, त्याच्या गुणदोषांची तोलून-मापून चर्चा करावी आणि शुभेच्छा देऊन थांबावे, हा आपला शिरस्ता. तेंडुलकरांनी तसे केले नाही. आपल्याला या कवितांतील कितीतरी शब्द कळत नाहीत, संदर्भ लागत नाहीत, हे त्यांनी उघडपणे मांडले. ते शब्द कवीला विचारले. कवीने सांगितलेले अर्थ नोंदवले. आणि कवीबरोबर त्या वस्तीत जाऊन आले. हे सारे प्रस्तावनेत आहे.

या प्रस्तावनेची एरवी जी प्रशंसा होते ती तेंडुलकरांच्या औदार्याची होते. औदार्याचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. रविकिरण मंडळात साऱ्यांना साऱ्या शब्दांचे अर्थ ठाऊक होते. शब्दांचे वजनच तेवढे तपासायचे होते. खटाववाडीत लेखकापेक्षा संपादकाला कथेविषयी अधिक कळते, असे गृहीत होते, आणि पुष्कळदा ते खरेही असे. अनियतकालिकांच्या गोटात बाहेरच्याला काही कळत नाही हे गृहीत होते. 'गोलपिठा'च्या प्रस्तावनेत ज्येष्ठ लेखक 'याचा अर्थ काय?' असे विचारतो, आणि तो खरोखरच न कळल्यामुळे विचारतो. नाटककाराचा कान असल्यामुळे त्याला हेही उमगते की, आपल्याला न कळणारी ही मराठी अशुद्ध किंवा अपुरी नाही. ती बोलणारी माणसे आपल्याला ठाऊक नाहीत. कवीच्या उत्तरांनी कवितेची एकही ओळ बदलली नाही. बदलला तो वाचक, आणि त्याच्यामागून 'गोलपिठा' हाती घेणारा प्रत्येक वाचक. माझी आरंभीची कसोटी येथे अपुरी पडते, हे मला कबूल केले पाहिजे.

या संवादालाही मर्यादा होतीच. उत्तरे कवीची असली तरी लेखणी प्रस्तावनाकाराच्या हातात होती. ढसाळांनी कोणत्या शब्दाचा अर्थ सांगताना टाळाटाळ केली असेल, कोणत्या प्रश्नाला ते हसले असतील, रात्री त्या गल्ल्यांतून हिंडताना त्यांनी या पाहुण्याविषयी मनात काय म्हटले असेल, ते आपल्यापर्यंत आलेले नाही. महानुभावांच्या परंपरेतला एखादा नोंदकार त्या रात्री बरोबर असता तर त्याने ढसाळांची 'वासना' वेगळी उतरून घेतली असती.